घरखर्चाची वही : अम्मीचा नंबर



सोलापूरच्या एका बहिणीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात, "सासऱ्यांच्या वेळेपासूनचा लँडलाइन घरात आहे. महिन्याला तीनशे-साडेतीनशे जातात आणि दिवसाला एक फोन धड येत नाही. मुलं म्हणतात, तोडून टाका आणि इंटरनेटवरचा फोन घ्या, जवळजवळ फुकटात पडतो. तुमच्या वहीत हा हिशेब कसा मांडाल?"

या वहीत आपण गॅसच्या शेगडीपासून ईदच्या कपड्यांपर्यंत बरेच हिशेब मांडले. बहुतेक वेळा उत्तर मला आधीच ठाऊक असतं आणि मी ऐटीत लिहून मोकळी होते. या वेळी मात्र आधी स्वतःची चूक लिहावी लागणार आहे, कारण अगदी हाच हिशेब मी दोन वर्षांपूर्वी केला होता. बेरीज-वजाबाकी सगळी बरोबर होती.

आमच्या अम्मीचं घर नगरला, झेंडीगेटला. कागदोपत्री आता अहिल्यानगर झालं, पण अम्मीच्या तोंडी अजून नगरच आहे. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. त्यांनी टेलिफोनसाठी अर्ज भरला तेव्हा मी पाचवीत होते, आणि फोन घरात आला तेव्हा दहावीची परीक्षा देऊन बसले होते. तेव्हा त्याचं कुणाला नवल वाटत नसे. वाट बघणं हा फोन घेण्याचाच भाग होता. लाल रंगाचा, बटणांचा सेट. अम्मीने त्याच्यासाठी क्रोशाची जाळी विणली, ती आजही आहे. गल्लीतला तो दुसरा फोन, त्यामुळे अर्ध्या गल्लीने आमचा नंबर आपापल्या नातेवाइकांना पीपी नंबर म्हणून देऊन ठेवलेला. "जरा शेजारच्या शेखांना बोलवता का" असं पलीकडून कुणी म्हणालं की आम्ही पोरं चपला न घालता धावायचो. चांदरातीला तर जेवण बाजूला राहायचं. मालेगावहून, भिवंडीहून फोन यायचे, चांद दिसला का, तुमच्याकडे काय खबर.

भाईजान नोकरीला दमामला गेला. दर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर त्याचा फोन यायचा. तिकडे कार्ड घालून बोलायचं, मिनिटाला दोन आकडी रुपये. आम्ही सगळे वयाप्रमाणे रांगेत उभे, प्रत्येकाला अर्धं मिनिट. अम्मीचं अर्धं मिनिट "खाना खाया क्या" यातच संपायचं आणि मग ती उरलेला शुक्रवार, विचारायचं राहिलेलं आठवत बसायची.

खेड्यापाड्यांत फोन पोचायला आणखी वेळ लागला. 1984 मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था निघाली. तिने धुळीत, उन्हात, एअरकंडिशनरशिवाय चालेल असं 128 लाइनींचं छोटं एक्स्चेंज बनवलं. पहिलं 1986 मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. तिथून पुढे गावोगाव ती पिवळी एसटीडी-पीसीओची पाटी दिसू लागली. माझे मामू टाकळी ढोकेश्वरच्या पुढे, पारनेर तालुक्यातल्या एका खेड्यात राहायचे. त्यांच्या गावी किराणा दुकानात फोन आला, त्या दिवशी त्यांनी पहिला नंबर फिरवला तो आमचा. मग घरी जाऊन दाराच्या मागच्या बाजूला ऑइलपेंटने लिहून ठेवलं, "आपा, 0241" आणि पुढे आमचा नंबर. घराला तीनदा रंग दिला, पण त्या चौकोनाला कुणी ब्रश लावला नाही.

आता माझा हिशेब. अब्बा गेल्यानंतर अम्मीजवळ भाभी आणि तिची दोन मुलं. मी त्याच शहरात, पंधरा मिनिटांवर. बिलं मी भरते. लँडलाइनचे महिन्याला साडेतीनशे. भाभीचा आणि मोठ्या मुलाचा मोबाइल, प्रत्येकी 349 चा पॅक, म्हणजे 698. एकूण 1,048. गल्लीत केबलवाल्याने नेटची तार टाकली होती, 399 आणि वर 18 टक्के जीएसटी धरून 471. घरात नेट आलं की मोबाइलला छोटे 189 चे पॅक पुरतात, दोन्हींचे मिळून 378. म्हणजे 849. वाचले 199. वर्षाला 2,388 रुपये. शिवाय दमामचा फोन फुकट, तोही चेहऱ्यासकट. लँडलाइन तसाही निम्मा काळ बंद असायचा, रस्ता खोदला की तार तुटलीच.

अम्मीला विचारलं का? विचारलं. ती म्हणाली, "तुम देख लो." मी ते होकार समजले. अर्ज दिला, सेट जमा करायचा नाही असं कळलं तेव्हा खूशही झाले, अनामत रक्कम परत घेतली आणि तिचा मिक्सर आणला.

अम्मीला एक स्मार्टफोन दिला. चार जणांचे फोटो पडद्यावर लावून दिले, फोटोला बोट लावलं की फोन लागतो. पण तिच्या बोटांना सवय दाबायची. ती फोटोवर इतका वेळ बोट दाबून धरायची की फोटोच तिथून सरकून जायचा. लाल सेटवर मात्र ती न बघता नंबर फिरवायची. 2021 च्या जानेवारीत लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावायचा नियम आला, तेव्हा आम्हाला वाटलं होतं की ही आता अडणार. दोन दिवसांत तिच्या बोटांनी शून्य शिकून घेतलं होतं.

पहिला धक्का छोटा होता. एका संध्याकाळी वीज गेली, त्याबरोबर नेटचा डबा मेला. भाभीच्या मोबाइलची बॅटरी संपत आलेली आणि अम्मीला चक्कर आलेली. भाभीने शेजारून फोन लावला, मी पोचले, साखर कमी झाली होती, शरबत दिलं, निभावलं. आम्ही त्यातून एवढाच बोध घेतला की मोबाइल वेळेवर चार्ज करावा.

मग मामूंचा इंतकाल झाला. पहाटे, फजरच्या आधी. मामूंच्या मोबाइलमध्ये अम्मीचा एकच नंबर होता, 0241 चा. माझा होता तो जुना, मी सिम बदललेलं. मामूंच्या मुलाने तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा तीच रेकॉर्ड, हा क्रमांक अस्तित्वात नाही. मग त्याने दाराच्या मागे जाऊन नंबर ताडून पाहिला. नंबर बरोबर होता. घरात मय्यत, माणसं जमलेली, कफन आणायला कुणाला पाठवायचं ते ठरत नाही, अशा वेळी पंचवीस वर्षांचं पोरगं आणखी काय करणार? त्याला वाटलं, कुणी ना कुणी फुफीला कळवलं असेल. आपल्याकडे मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. जोहरनंतर जनाजा निघाला.

खबर आम्हाला मिळाली ती व्हॉट्सअॅपवरच. पुण्याच्या एका भाच्याने खानदानाच्या ग्रुपवर टाकली होती, दुपारी. त्या ग्रुपवर रोज इतके सलाम आणि फुलांचे फोटो येतात की भाभीने आवाज बंद करून ठेवलेला. तिने असरनंतर पाहिलं. आम्ही गाडी करून निघालो, पोचलो तेव्हा मगरिबची अजान होत होती. अम्मीला तिच्या धाकट्या भावाचा शेवटचा दीदार झाला नाही.

त्या रात्री मामूंचा मुलगा मला म्हणाला, "बाजी, मी लावला होता फोन." अम्मी त्याच दाराला टेकून बसली होती. तिने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. मी तिच्या जागी असते तर म्हटलं असतं.

चाळिसाव्याला पुन्हा गेलो. नगरहून कल्याण रस्त्याने मामूंच्या गावी जाताना हिवरे बाजारचा फाटा लागतो. परतताना माझा मुलगा हट्टाला पेटला, शाळेत पाण्यावर प्रकल्प करायचा होता, म्हणून गाडी आत वळवली. हिवरे बाजार आपल्या वाचकांना सांगायला नको. गावात मुस्लिम कुटुंब एकच, तरी गावाने त्यांच्यासाठी मशीद बांधून दिली, एवढ्यावरूनही अनेकांनी ते नाव ऐकलेलं असतं. पाऊस जेमतेम, वर्षाला साधारण 400 मिलिमीटरच्या आसपास. 1972 च्या दुष्काळानंतर माणसं गाव सोडून नगर, पुणे, मुंबई गाठत होती. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर, 1990 च्या दशकात, डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडं लावली, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळली, आणि गेलेली कुटुंबं परत आली. पवारांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते पाण्याच्या ताळेबंदाचं.

ग्रामपंचायतीजवळ एक वयस्कर गृहस्थ बसले होते, त्यांनी मुलाला समजावून सांगितलं आणि मी मागे उभी राहून ऐकलं. दरवर्षी गावात किती पाऊस झाला ते मोजतात. विहिरींची पातळी मोजतात. त्यावरून गावाच्या हिशेबी किती पाणी आहे ते काढतात. मग वाटप. पहिल्यांदा माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते बाजूला काढायचं, रोजच्या वापराचं काढायचं, काही पुढच्यासाठी जमिनीतच ठेवायचं आणि उरेल त्यावर कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं त्या वर्षी घ्यायची नाहीत. ऊस आणि केळी तर नाहीच. आणि शेतीसाठी बोअरवेल बंद. बोअर फक्त पिण्याच्या पाण्यासाठी.

माझ्या मुलाने विचारलं, बोअर घेतलं तर पाणी लवकर आणि भरपूर मिळेल ना? ते म्हणाले, मिळेल की, एकट्याला मिळेल, आणि शेजारच्याच्या विहिरीचं काय?

गाडीत बसल्यावर मी माझी जुनी वही मनात उघडली. मी किती रुपये जातात ते मोजलं होतं. फोनमधून काय काय येतं ते मोजलंच नव्हतं. पिण्याचं पाणी कोणतं आणि उसाचं कोणतं, हे वेगळं न काढताच मी विहीर बुजवून बोअर घेतलं होतं. शेजारच्याची विहीर, म्हणजे मामूंच्या दारामागचा तो चौकोन, माझ्या हिशेबात कुठे आलाच नाही.

घरी आल्यावर अम्मीला घेऊन बसले. म्हटलं, ज्यांच्याकडे तुझा तो एकच नंबर आहे, त्यांची नावं सांग. मला वाटलं आठ-दहा होतील. तिने 34 सांगितली. बीडची खाला, जिला दिसत नाही आणि जी नातवाला सांगून फोन लावायला लावते. अब्बांच्या वर्कशॉपमधले दोन सोबती. आमच्या जुन्या घरमालकीणबाई, संगमनेरच्या देशपांडेकाकू, ज्या दर दिवाळीला आणि दर रमजान ईदला फोन करायच्या. दुधवाला. अब्बांच्या पेन्शनचं ऑफिस. गॅसचं बुकिंग त्याच नंबरावर, बँकेत तोच, विम्याच्या कागदावर तोच. मोबाइलवर जे रोज बोलत होते, ते आम्ही पोरं. या 34 जणांचा फोन वर्षाला एखादाच यायचा आणि तो आला की काहीतरी कारण असायचं. बिलावर तो फोन कुठे दिसत नाही, कारण येणाऱ्या फोनचे पैसे पडत नाहीत.

आता सोलापूरच्या बहिणीसाठी, आणि जे कुणी या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी, जरा कामाचं.

"इंटरनेटचा फोन" या एका नावाखाली दुकानदार आणि मुलं तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. व्हॉट्सअॅपसारखं अॅप ही एक. त्यात दोन्ही बाजूंना तेच अॅप लागतं. त्यावरून तुम्ही दमामला तासभर बोलाल, पण 108 ची अॅम्ब्युलन्स किंवा 112 नंबर लावू शकणार नाही, आणि बीडची खाला तुम्हाला लावू शकणार नाही. दुसरी म्हणजे अॅपच, पण त्याला खरा नंबर असतो, कुणीही साध्या फोनवरून लावू शकतं. आपल्याकडे 2002 च्या एप्रिलपासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण ती संगणकावरून संगणकावर किंवा परदेशातल्या फोनवर. देशातल्या साध्या फोनला जोडायची मुभा यायला 2018 उजाडलं. त्या वर्षी बीएसएनएलने 'विंग्ज' नावाने अशी सेवा वर्षाला 1,099 रुपयांत आणली होती. तिसरी गोष्ट, जी घरासाठी सगळ्यात कामाची आणि जी मला कुणी सांगितली नाही, ती म्हणजे फायबरच्या डब्यामागचं टेलिफोनचं भोक. फायबरच्या डब्याला बहुधा मागे एक टेलिफोनचा सॉकेट असतो. कंपनी फोनची सेवा देत असेल तर त्यात आपला जुना सेट लावायचा. लाल असला तरी चालतो. बोलणं आतून इंटरनेटवरूनच जातं, पण वापरणाऱ्याला काही नवं शिकावं लागत नाही.

हे स्वस्त का पडतं तेही ऐका, म्हणजे कुणी फसवणार नाही. जुन्या फोनमध्ये तुम्ही बोलत असेपर्यंत एक पूर्ण वाट तुमच्यासाठी राखून ठेवलेली असायची, तिचं भाडं मिनिटावर. इंटरनेटवर आवाजाचे बारीक तुकडे होतात, सेकंदाला साधारण पन्नास, प्रत्येकावर पत्ता असतो आणि ते बाकीच्या सगळ्या सामानाबरोबर त्याच रस्त्याने जातात. दुसऱ्या टोकाला पुन्हा जुळतात. मिनिटाला अर्धा ते एक एमबीच्या आसपास खर्च, नेटचे पैसे तर आपण आधीच भरलेले. तुकडे रस्त्यात अडकले की आवाज तुटतो. पोचायला दीडशे मिलिसेकंदांहून फार उशीर झाला की दोघं एकदम बोलायला लागतात आणि मग एकदम गप्प बसतात. घरात पोरं सिनेमा बघत असताना दमामचा फोन खरखरतो तो यामुळे, भाईजानच्या फोनमध्ये बिघाड नसतो.

आखातात सगळीकडे एकच नियम आहे असंही समजू नका. सौदीने सप्टेंबर 2017 मध्ये इंटरनेटवरच्या फोनची बंदी उठवली, म्हणून दमामचा भाईजान दिसतो. दुबईत व्हॉट्सअॅपचा फोन लागत नाही, तिथे सरकारने परवानगी दिलेली अॅप आहेत, तीच वापरायची. माझी चुलत बहीण तिथे गेली तेव्हा तिच्या सासूला पंधरा दिवस वाटत होतं की सून मुद्दाम फोन उचलत नाही. मूल बाहेर निघण्याआधीच कोणत्या अॅपवर बोलायचं ते ठरवून, आजी-आजोबांच्या फोनमध्ये टाकून, एकदा लावून बघा. आणि परदेशातून फोन आला असूनही पडद्यावर भारतातला नंबर दिसतो, असे स्वस्त कार्ड विकणारे कुणी भेटले तर लांब राहा. ते चोरून चालवलेलं एक्स्चेंज असतं. त्यासाठी घराची एखादी खोली भाड्याने मागणारेही असतात, त्यांना तर दारातूनच परत पाठवा.

विजेचं मात्र नीट समजून घ्या. तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबर 48 व्होल्टची वीजही एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून घरापर्यंत यायची, म्हणून गल्लीत अंधार असला तरी लाल सेट जिवंत असायचा. फायबर ही काच. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. घरातली वीज गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. यावर उपाय आहे, राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, हजार-दीड हजारांत. तो काही तास तग धरतो. ज्या घरात म्हातारं माणूस आहे, तिथे हा खर्च फोनच्याच खर्चात धरा, वरचा म्हणून नाही. आणि 108 हा महाराष्ट्रात 2014 पासून चालू असलेला नंबर मोठ्या अक्षरांत सेटजवळ चिकटवा. आमच्याकडे आता तो क्रोशाच्या जाळीला टाचलेला आहे.

आता नंबराविषयी, माझ्या चुकीचं मूळ तिथे आहे. मोबाइलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलता येते, 2011 च्या जानेवारीपासून देशभर ती सोय आहे. लँडलाइनला ती सोय नाही. कंपनी सोडली की नंबर सुटला. पण कंपनी तीच ठेवून नुसती तार बदलायची असेल तर गोष्ट वेगळी. बीएसएनएल तांब्याच्या तारेवरच्या ग्राहकांना, जिथे फायबर पोचलंय तिथे, त्याच नंबरासकट फायबरवर नेते. मी खिडकीवर जाऊन "बंद करायचंय" म्हटलं. "बदलून मिळेल का" असं विचारलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता. पाच महिन्यांनी मी तो नंबर परत मागायला गेले. खिडकीतला माणूस भला होता, त्याने दोनदा शोधून पाहिलं, पण नंबर राहिला नव्हता.

म्हणून बहीण, तुमच्या सासऱ्यांच्या फोनजवळ आधी एक वही ठेवा आणि महिनाभर लिहा. कुणाचा फोन आला, कुणाला लावला, कशासाठी. एक महिना पुरणार नाही, कारण वर्षातून एकदाच फोन करणारे त्यात सापडत नाहीत. ते सासूबाईंना विचारा, जेवणाच्या वेळी नको, दुपारी निवांत बसून विचारा. ती यादी दोन-पाच नावांची निघाली तर त्यांना नवा नंबर कळवा आणि खुशाल लाइन बंद करा, त्यात काही चूक नाही, पैसा कुणाला जड झालेला नसतो. यादी लांब निघाली तर आधी आहे त्याच कंपनीकडे त्याच नंबरावर फायबरची चौकशी करा. तेही होत नसेल तर लाइन लगेच तोडू नका. तिच्यावर येणारे फोन मोबाइलकडे वळवायची सोय मागून घ्या आणि एक रमजान, एक बकरी ईद जाऊ द्या. तेवढ्या काळात ज्यांना फोन करायचा असतो त्यांचा एकदा तरी येतो, आणि आला की नवा नंबर सांगता येतो. गॅस, बँक, विमा, पेन्शन, शाळा, रेशन, जिथे जिथे जुना नंबर दिलाय तिथे बदलायला वेगळा दिवस काढा. एका दिवसात होत नाही, मला चार लागले.

आमच्याकडे आता फोनच्या सेवेसकट फायबर आहे. महिन्याचा खर्च मी आधी वाचवलेल्या 199 पैकी बराचसा खाऊन टाकतो, यूपीएसचे वेगळे. लाल सेट त्याच जागी, त्याच जाळीखाली आहे. नंबर नवा आहे आणि अम्मीला तो अजून पाठ झालेला नाही, स्वतःचा नंबर पाठ करायची वेळ माणसावर कधी येते? 34 पैकी 29 जणांना तिने स्वतः फोन करून नवा नंबर दिला. एकेका फोनला अर्धा तास, कारण नंबर देऊन फोन ठेवणं तिला जमत नाही. देशपांडेकाकूंनी सांगितलं, त्यांनी ईदला दोनदा लावला होता, नंतर त्यांना वाटलं की आता विचारावं तरी कुणाला.

मामूंच्या घरी, दारामागे, त्यांच्या मुलाने जुन्या नंबराखाली नवा लिहिलाय. जुना खोडलेला नाही.

उरलेल्या पाचांपैकी दोघांचे नंबर लागतच नाहीत, एकाच्या घराला कुलूप असल्याचं कळलं, आणि अब्बांच्या वर्कशॉपमधले दोघे निवृत्तीनंतर कुठे गेले ते कुणाला सांगता येत नाही. वाचकांपैकी कुणाच्या घरी नगरच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले बुजुर्ग असतील आणि त्यांनी आमच्या जुन्या नंबरावर कधी फोन लावून पाहिला असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड टाका. मी अम्मीला वाचून दाखवीन.

पुढच्या महिन्यात शाळेच्या वह्या-पुस्तकांचा हिशेब मांडायचा आहे. जुनी पुस्तकं कुणाकडे पडून असतील तर तेही कळवा.